व्हेटरन्स कुस्तीच्या नावाखाली सव्वादोन लाख गेले; पत्रात ‘७४ किलो’ दिसलं तर थांबा

गेल्या रविवारी इचलकरंजीहून एका पैलवानाचा फोन आला. वय ४४. “दादा, परदेशातल्या व्हेटरन्स कुस्तीला माझी निवड झाल्याचं पत्र आलंय. तुम्ही मागं जाऊन आलाय न्हवं?” व्हेटरन्स म्हणजे पस्तिशीपुढच्या पैलवानांची कुस्ती. मी जाऊन आलेलो नाही. २०२३ मध्ये मलाही असंच पत्र आलं होतं आणि त्यापायी माझे २ लाख २५ हजार गेले. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण मला फसवणारा तो माणूसच नाव बदलून पुन्हा फिरतोय असा मला दाट संशय आहे.

माझा जन्म १९७६ चा, करवीर तालुक्यातला. शाळेत असतानाच कोल्हापूरच्या तालमीत राहायला आलो. १९९९ मध्ये एका जत्रेच्या मैदानात ढाक हा डाव मारताना उजवा गुडघा फिरला. त्यानंतर शिरोलीला फाउंड्रीत लागलो, लग्न झालं, लंगोट पेटीत गेला तो गेलाच. लॉकडाऊन उठल्यावर मुलाला पहाटे तालमीत सोडायला जाऊ लागलो. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, नुकतीच माती उकरलेली असायची. ताक, तेल, हळद, कापूर मिसळलेल्या त्या मातीचा वास आला की हात शिवशिवायचे. महिनाभर मी कट्ट्यावर बसून बघत होतो. एक दिवस वस्ताद म्हणाले, “लंगोट आणलायस का? मग इथं कशाला बसलायस?” त्यांनी सहा महिने कुणाच्या अंगाला हात लावू दिला नाही. नुसते जोर, बैठका, सपाट्या. मग हळूहळू खडाखडी, म्हणजे हाताला हात भिडवून झटापट, मग मॅट. साखर आटोक्यात आली, झोप लागायला लागली. वजन ८३ किलोवर स्थिर झालं.

चाळिशी-पन्नाशीत पुन्हा लढता येतं हे खरं आहे, आणि फसवणाऱ्याला हेच खरेपण उपयोगी पडतं. युनायटेड वर्ल्ड रेसलिंग ही जागतिक संघटना दरवर्षी व्हेटरन्सची जागतिक स्पर्धा घेते. ३५ वर्षांपासून पुढं वयाचे गट असतात. ४६ ते ५० चा गट ‘सी’. २०२३ ची स्पर्धा ऑक्टोबरमध्ये ग्रीसमधल्या लुत्राकीला होती. त्या माणसानं सांगितलेलं गाव खरं होतं, महिना खरा होता, वयोगटही खरा होता. मी मोबाइलवर तेवढंच तपासलं आणि निर्धास्त झालो.

तो मे महिन्यात एका मैदानात भेटला. पन्नाशीचा, कुस्तीत रगडून एक कान फुटलेला. पैलवानाचा कान बघितला की आपण निम्मा विश्वास तिथंच टाकतो. मुलाच्या मित्रानं माझी मॅटवरची कुस्ती मोबाइलवर काढली होती, ती त्यानं दोनदा बघितली आणि म्हणाला, “पैलवान, हा पटाचा डाव अजून पंचविशीतला आहे.” २४ वर्षांनी परक्या माणसानं मला पैलवान म्हणून हाक मारली होती. कारखान्यात मी आडनावानं ओळखला जातो. त्या एका शब्दानं मी किती हललो हे घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये नोंदणीचे २५ हजार घेतले. जुलैत विमान, हॉटेल आणि व्हिसाचे मिळून १ लाख ४० हजार. माझ्याकडं एवढे नव्हते. मी कचरतोय हे बघून तो आमच्या घरी आला आणि बायकोसमोर खाशाबा जाधवांची गोष्ट सांगू लागला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबांकडं पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, लोकांनी वर्गणी काढली, आणि गोळेश्वरचा पैलवान ब्राँझ घेऊन आला. कोल्हापुरात ही गोष्ट तालमीतल्या प्रत्येक पोराला पाठ असते. ती ऐकून बायको उठली, आत गेली आणि पाटल्या घेऊन बाहेर आली. “अहो, मैदान अर्धं टाकून आलात तेव्हापासून बघतेय मी तुम्हाला,” एवढंच म्हणाली. पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या. खर्डेकर सरांच्या त्यागाचं नाव घेऊन त्यानं आमच्या घरातलं सोनं नेलं, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

ऑगस्टमध्ये भारतीय कुस्ती महासंघाचं निलंबन झालं. निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून जागतिक संघटनेनं ती कारवाई केली होती. पुढच्याच महिन्यात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तिरंग्याशिवाय, तटस्थ म्हणून उतरले; अंतिम पंघालनं ब्राँझ मिळवलं तेही तसंच. ही बातमी आली आणि लगेच त्याचा फोन. “आता तुम्हाला तटस्थ खेळाडू म्हणून वेगळा परवाना काढावा लागेल. ६० हजार. उद्या बारापर्यंत, नाहीतर आधीचे पैसे बुडाले.” मी पीएफमधून उचललेले पैसे त्याच्या सांगण्यावरून एका बाईच्या नावच्या खात्यावर टाकले. संस्थेचं नाव एक आणि खातं भलत्याच व्यक्तीचं, हे मला त्या क्षणी दिसलं होतं. दिसूनही मी बटण दाबलं, कारण आधीचे १ लाख ६५ हजार त्याच्याकडं अडकले होते.

आता वजनाचं सांगतो. पत्रात माझा वजनगट ७४ किलो लिहिला होता. मी ८३ चा. तीन महिन्यांत नऊ किलो उतरवायचे म्हणून भाकरी अर्ध्यावर आणली, खुराक बंद केला, प्लास्टिकचा सूट घालून दोरीच्या उड्या मारल्या. सप्टेंबरमध्ये पाणीही मोजून प्यायला लागलो. एके दुपारी भट्टीजवळ उभा असताना डोळ्यांपुढं अंधारी आली. शेजारच्या पोरानं पट्ट्याला धरून मागं ओढलं. पुढं चार फुटांवर वितळलेलं लोखंड होतं. बीपी ९० वर आलेलं. कारखान्याच्या डॉक्टरांनी विचारलं, “या वयात हे करायला कुणी सांगितलं? तुमचा ईसीजी कुणी काढला?” कुणीच काढला नव्हता. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला आंतरराष्ट्रीय मॅटवर उतरवायचं आणि त्याच्या हृदयाबद्दल एक कागद मागायचा नाही! खरा आयोजक पहिल्या दिवशी वैद्यकीय दाखला मागतो. मला त्या माणसानं आधार, पॅन, पासपोर्ट, फोटो, छातीचं माप सगळं मागितलं, डॉक्टरचा दाखला तेवढा कधी मागितला नाही.

दोन दिवसांनी तालमीत एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत शिकलेले एक निवृत्त प्रशिक्षक आले होते. माझा उतरलेला चेहरा बघून त्यांनी चौकशी केली. मी पत्र दाखवलं. ते वाचून म्हणाले, “व्हेटरन्सला ७४ आहेच कुठं? ७०, मग ७८, मग ८८. ७४ हा सीनियरचा गट.” म्हणजे ८३ किलोच्या मला पाच किलो उतरवून ७८ ला किंवा काहीही न उतरवता ८८ ला लढता आलं असतं. ज्या वजनासाठी मी भट्टीत पडता पडता वाचलो, तो गटच त्या स्पर्धेत नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या, युरोपला खेळून आलेल्या पोरानं विचारलं, “काका, बोटांचे ठसे कधी दिले?” ग्रीसचा व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. ठसे व्हिसा केंद्रावर स्वतः जाऊन द्यावे लागतात, आणि शेंगेनसाठी आधी कधी दिलेच नसतील तर त्यातून सुटका नाही. मी कुठंच गेलो नव्हतो, आणि पासपोर्ट त्याच्याकडं होता. त्या वर्षी मोठ्या माणसाची व्हिसा फी ८० युरो होती; त्यानं व्हिसापोटी ४० हजार लावले होते.

घरी येऊन त्यानं दिलेला निळा कॉस्च्यूम काढला. बायकोनं तो एकदाच धुतला होता. पाठीवरच्या ‘इंडिया’तली दोन अक्षरं सुटून आली होती.

१ ऑक्टोबरपासून त्याचा फोन बंद. शोधल्यावर कळलं की सांगली, सातारा, कोल्हापूर मिळून आम्ही अकरा जण होतो. पोलिसांत तक्रार सात जणांनीच दिली. बाकीचे चौघे म्हणाले, “पैलवान माणूस फसला म्हणून गावात सांगायचं कसं?” त्यातल्या एकाचे साडेतीन लाख गेलेत. त्या चौघांवर माझा राग नाही, पण त्यांची लाज हेच त्या माणसाचं भांडवल आहे. तो मुद्दाम आमच्यासारखे निवडतो: कुस्ती अर्धवट सुटलेले, हातात थोडे पैसे आलेले, आणि पडलो हे कधीच कबूल न करणारे.

सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर मी फोन केला तो पैसे पाठवल्यावर पाच आठवड्यांनी. तोवर त्या खात्यात ४,३०० रुपये उरले होते. हा फोन पहिल्या काही तासांत केला तर बँकेला रक्कम रोखता येते. संशय आला त्या मिनिटाला करा, घरी विचारू, वस्तादांशी बोलू म्हणून थांबू नका. गुन्हा फसवणुकीच्या तेव्हाच्या कलम ४२० खाली नोंदला गेला. पासपोर्ट हरवल्याची तक्रार देऊन नवा काढावा लागला. कुणी व्हिसासाठी पासपोर्ट मागितला तर त्याच्या हातात देऊ नका, केंद्रावर स्वतः जा. आणि निवड झाली म्हणून सांगत असतील तर निवड चाचणी कुठं झाली, कोण पंच होते, तुमची नोंद राष्ट्रीय महासंघामार्फत झाली का, हे विचारा. माझी चाचणी झालीच नव्हती. मोबाइलवरची दीड मिनिटाची कुस्ती बघून कुणी कुणाला देशाच्या संघात घेत नाही, हे मला तालमीत वाढूनही सुचलं नाही.

पाटल्या या वर्षी मार्चमध्ये सोडवून आणल्या. मी अजून तालमीत जातो, वजन ८२.

इचलकरंजीच्या पैलवानानं अजून एक रुपयाही भरलेला नाही. त्यानं काल पत्राचा फोटो पाठवला. संस्थेचं नाव वेगळं आहे, सही वेगळी आहे. तो ९० किलोचा आहे आणि त्याचा वजनगट लिहिलाय ७४. ती प्रत मी आज सकाळी आमच्या तपास अधिकाऱ्यांकडं नेऊन दिली. ज्यांना असं पत्र आलं असेल त्यांनी फाडू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात नेऊन द्या. तक्रार न दिलेल्या त्या चौघांपैकी कुणी हे वाचत असेल, तर तक्रार अजूनही देता येते. मी सोबत येईन.