व्हाळाकाठचा तंबू: एका हंगामाच्या वापरानंतर

तंबू घेताना पहिला प्रश्न विचारला जातो तो पावसाचा: कपडा किती मिलिमीटरचा? गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, कुळागराला (पोफळी-माडांच्या बागेला) लागून वाहणाऱ्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी ऑक्टोबरअखेरपासून जूनच्या पहिल्या सरींपर्यंत हा तंबू वापरला. त्यानंतर खात्रीने सांगतो, आपल्याकडे तंबू बहुतेक वेळा आतून भिजतो. पावसाचा आकडा जरा कमी असला तरी भागतं. हवा खेळली नाही तर मात्र काहीच भागत नाही.

तंबू तीन माणसांचा, डोम पद्धतीचा, दोन थरांचा आहे. वरचा कपडा २००० मिमीचा, तळ ३००० मिमीचा, पोल फायबरग्लासचे. हा आकडा म्हणजे कपडा पाझरू न देता किती उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो ते माप. वर २००० पुरेसे आहेत. तळाला जास्त लागतात, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की दाब एकाच जागी येतो. ‘तीन माणसांचा’ हे लेबल दोघांसाठी धरा आणि तिसऱ्याच्या जागेत पिशव्या ठेवा. तिघे झोपले की कोणाचा तरी खांदा आतल्या कपड्याला लागतो, आतला बाहेरच्याला चिकटतो आणि तिथून ओल उतरते. दोन थरांत चार बोटं अंतर राहिलंच पाहिजे.

ओल येते कुठून? झोपलेल्या एका माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रीत साधारण पाव लिटर पाणी हवेत जातं. व्हाळाकाठची हवा आधीच दमट असते. त्यात डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असलं की वरचा कपडा उष्णता आकाशाकडे सोडून आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतो, आणि पहाटे त्याच्या आतल्या बाजूने थेंब ओघळतात. नवखे लोक याला गळती समजून शिवणींवर सीलर फासत बसतात. खरी गळती शिवणीच्या रेषेवर दिसते, दव सगळ्या कपड्यावर सारखं पसरलेलं असतं. एवढं पाहिलं की फरक कळतो.

यावर तीन उपाय खरोखर लागू पडले. पहिला, तंबू झाडाखाली लावणं. वर पानांचं छत असलं की कपडा तेवढा थंड होत नाही. पण झाड पाहून निवडा. माडाखाली आणि फणसाखाली कधीच नाही. पोफळीखालीही नाही, तिची सुकलेली झावळी वारा नसतानाही खाली येते. कुळागरात भिरंडीचं (कोकमाचं) झाड सगळ्यात चांगलं: दाट, सदाहरित, फळ लहान. फक्त एप्रिल-मेमध्ये पिकलेली भिरंडं कपड्यावर पडली तर डाग जात नाही. दुसरा उपाय दिशेचा. रात्री डोंगरावरची थंड हवा व्हाळाच्या वाटेने खाली उतरते. समोरासमोरची दोन दारं याच रेषेत ठेवली आणि दोन्हींची जाळी लावून बाहेरचा पडदा अर्धा गुंडाळला की हवा आरपार जाते. तिसरा उपाय साधा आहे: बाहेरच्या कपड्याच्या कडेला असलेल्या कड्यांना वीतभर दोरी बांधून खुंटी त्या दोरीत घालायची. कोरड्या रात्री कडा जमिनीपासून वर राहते. सर आली की दोरी काढून खुंटी थेट कडीत घाला, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत येत नाहीत. ओले टॉवेल आणि बूट आत ठेवायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

सोबत आलेल्या तारेच्या खुंट्या इथे निकामी. चिऱ्याच्या कठीण जमिनीत त्या दुसऱ्या ठोक्याला वाकतात आणि काठच्या वाळूत धरत नाहीत. चिऱ्यावर सहा इंची जाड पोलादी खिळा, मातीत तीन पाती असलेली अॅल्युमिनियमची खुंटी आणि वाळूत दोरीला आडवी काठी बांधून वर धोंडा, अशी विभागणी करा. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, म्हणून पॉलिएस्टरची घ्या. तळाखालची ताडपत्री तंबूच्या मापापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच लहान कापा. बाहेर डोकावणारी कडा पावसाचं पाणी गोळा करून तळाखाली नेते. खाली वाळवीची माती दिसली तर जागा बदला, वाळवी तळाचा कपडाही सोडत नाही.

जागेचं पथ्य मात्र सगळ्यात मोठं. पाण्यापासून किमान तीस मीटर दूर आणि पातळीपेक्षा दोन-तीन मीटर उंच. काठच्या झुडपांत अडकलेला पाचोळा आणि काटक्या किती उंचीवर आहेत ते पाहा, मागचा पूर तिथपर्यंत आला होता. मेमधल्या वळवाच्या सरी आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस वर घाटमाथ्यावर कोसळतो. खाली थेंब नसतानाही व्हाळ फुगतो. नितळ पाणी गढूळ होणं, पानं वाहत येणं, आवाज घोगरा होणं यांतलं एक जरी जाणवलं तरी सामान सोडून वर जा. जून ते सप्टेंबर व्हाळाकाठी तंबू लावूच नये, हे माझं ठाम मत आहे.

हे सगळं खाजगी जागेत, मालकाच्या परवानगीने. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत, तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. चूल जंगलाबाहेरही टाळा. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात लागलेल्या वणव्यांनंतर हे समजावून सांगावं लागू नये. गॅसचा लहान शेगडा पुरतो. तो तंबूबाहेरच पेटवायचा, बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि जानेवारी ते मे हा धोक्याचा काळ, म्हणजे नेमका कॅम्पिंगचा. पाचोळ्यावर बसू नका, कपडे त्यावर वाळत घालू नका, लांब पँट मोज्यांत खोचा, उघड्या त्वचेला गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल लावा. जाळीची चेन सतत बंद ठेवा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर आठवडाभरात ताप आला तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा.

व्हाळाचं पाणी गाळून, खळखळून उकळून प्या. पण वरच्या अंगाला पोफळीची बाग असेल आणि कोळेरोगासाठी (पोफळीची फळं कुजवणाऱ्या रोगासाठी) बोर्डो मिश्रणाची फवारणी नुकतीच झाली असेल तर उकळूनही उपयोग नाही, त्यातलं मोरचूद उकळीने जात नाही. तेव्हा घरूनच पाणी न्या: माणशी दिवसाला चार लिटर, स्वयंपाक धरून.

तंबूची झीज कुठे झाली? एका पोलला जोडाजवळ उभी चीर गेली. फायबरग्लास असाच जातो, टोक नळीत पूर्ण न बसवता वाकवलं की. वरून धातूची नळी सरकवून टेप गुंडाळला की काम चालतं. निघालेल्या कुसळांना उघडा हात लावू नका. दाराची चेन वाळूने अडखळू लागली. जुन्या टूथब्रशने चेनचे दात साफ करून मेणबत्ती घासली की सुरळीत होते. चेन बंद करूनही मागे उघडी राहत असेल तर धावत्याच्या (चेनवर सरकणाऱ्या तुकड्याच्या) दोन्ही बाजू पकडीने अगदी हलक्या दाबा. तळाला खरचटलंय, पण पाणी अजून येत नाही.

घरची साठवण ही खरी परीक्षा. गोव्याच्या पावसाळ्यात बंद पिशवीत कोंबलेल्या तंबूचा पॉलियुरेथेनचा लेप चिकट होतो आणि त्याला कुबट वास सुटतो. एकदा हे सुरू झालं की दुरुस्ती नाही. साबण न लावता साध्या पाण्याने धुवा, सावलीत दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवा आणि सैल सुती पिशवीत, भिंतीला न लावता कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. महिन्यातून एकदा, ऊन पडेल त्या दिवशी, उलगडून हवा द्या. पोल जोडूनच ठेवता आले तर उत्तम. घडी करायचीच तर मधल्या जोडापासून सुरुवात करा, म्हणजे आतली इलॅस्टिक दोरी दोन्हीकडे सारखी ताणली जाते.