वंशावळ मंडळाचं सभासदत्व: वर्षभराचा अनुभव

आधीच सांगतो, मंडळाचं नाव टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि ती माणसं बिचारी फुकटात राबतात. साताऱ्याकडचं छोटंसं मंडळ आहे. रिटायर्ड मास्तर, एक माजी तलाठी, दोन-तीन मोडी वाचणारे आणि बाकी माझ्यासारखे हौशी. महिन्यातून एका रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसतात, वर्गणी किरकोळ, चहा ज्याचा त्याने.

तयार वंशावळ पाहिजे असेल तर इथे जाऊच नका. पैसे घेऊन थेट शिवकाळापर्यंत रंगीत झाड काढून देणारे बाहेर ढिगाने आहेत, त्यातलं एक झाड आमच्या चुलत्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय, ते मी मंडळात दाखवलं तर मास्तरांनी पेन्सिल घेतली, खालच्या चार पिढ्या ठेवल्या आणि वर रेघ मारून लिहिलं, "कागद नाही". चुलते अजून नाराज आहेत. पण मला तिथेच पटलं की इथे थांबण्यात अर्थ आहे.

पहिल्या दिवशी हातात एक फॉर्म देतात. मूळ गाव, कुलदैवत, देवक, भावकी कुठे कुठे पसरली, जमीन कुठल्या गटात होती, शाळा कुठली. हे भरताना कळतं आपल्याला काय काय माहीत नाही. मग एकच नियम, स्वतःपासून वर जायचं, मधली पिढी उडवून उडी मारायची नाही.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो माजी तलाठी काकांचा. मी सातबाऱ्यातच डोकं घालून बसलो होतो, ते म्हणाले सातबारा सोड, त्यावरचे फेरफार नंबर उतरव आणि प्रत्येक फेरफार काढ, म्हणजे जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली त्याची नोंद. वारसाचा फेरफार म्हणजे खजिना आहे राव. अमका मयत, वारस तमके, नातं काय, कोण अज्ञान (म्हणजे वयाने लहान) म्हणून कोण पालक, सगळं एका पानात. जुन्या नोंदींत आमच्याकडे फक्त मुलगे, मुलींचा पत्ताच नाही. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि त्यानंतरच्या फेरफारांत मुली दिसायला लागतात, आणि लगेच पाठोपाठ हक्कसोड पण दिसते, म्हणजे मुलींनी आपला वाटा लिहून सोडलेला. वाईट वाटतं बघून, पण शोधणाऱ्याच्या दृष्टीने हक्कसोडपत्रासारखा कागद नाही, कारण त्यात बहिणीचं सासरचं नाव आणि सासरचं गाव असतं. आजोबांच्या दोन बहिणी, ज्यांना घरात फक्त "मोठी आत्या, धाकटी आत्या" म्हणायचे, त्यांची खरी नावं मला तिथे सापडली, एक कराडकडे दिलेली, एक वाईकडे. वाईच्या आत्याची नातवंडं आता आमच्या ग्रुपवर आहेत.

दुसरं म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूचं रजिस्टर, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. इथे मोडी, म्हणजे जुनी मराठी लिपी, येत नसेल तर काहीच चालत नाही. मंडळात मोडीचा वर्ग असतो, शिकवतात छान पण घाईत. अक्षरं ओळखायला फार दिवस लागत नाहीत, खरी मारामारी पुढे आहे, कारण शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घ नाही, विराम नाही, आणि प्रत्येक लिहिणाऱ्याचं वळण वेगळं. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको, एवढे दोन शब्द पक्के झाले की निम्मं नातं लागतं. जुन्या कालगणनांच्या सनाचा घोळ मिटवायला त्यांनी एक कागद दिलाय तो मी पाकिटातच ठेवतो, इसवी सन काढायला: शक असेल तर 78 मिळवा, फसली असेल तर 590, सुहूर असेल तर 599, एखादं वर्ष इकडेतिकडे. आमच्या गावचं 1918 च्या साथीतलं पान वाचलं तेव्हा एकाच घरातली तीन नावं एकाखाली एक होती, कारणाच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी नुसतं "ताप". पणजोबा मामाकडे का वाढले हे घरात कोणालाच सांगता येत नव्हतं, ते तिथे कळलं.

नाशिकला जायचा सल्ला पण मंडळाचाच. तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या तीर्थावरच्या गुरुजींच्या, वह्या लागतात मूळ गाव आणि आडनावावरून, त्यामुळे आता राहता ते गाव सांगून उपयोग नाही, हे त्यांनी चार वेळा बजावलं होतं. गुरुजींनी गाव विचारलं, लांबुळकी वही काढली, पानं उलटत गेले आणि पणजोबांच्या वडिलांची नोंद निघाली, सोबत भाऊ, आई आणि बायको. त्यातला एक भाऊ आमच्या कुठल्याच कागदावर नाही, तो कुठे गेला हे अजून लागलेलं नाही. मग आपली पण नोंद करून सही करायची, दक्षिणा यथाशक्ती. जायचं असेल तर 2027 च्या सिंहस्थाच्या गर्दीआधी जाऊन या.

आता तक्रारी. 2023 ला मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या सरकारी न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि दाखल्यासाठी आपापल्या घरच्या नोंदी शोधणाऱ्यांची मंडळात रीघ लागली. त्यांची गरज खरी आहे, त्यात वाद नाही, पण मंडळात मोडी वाचणारे दोन-तीनच, तुम्ही फोटो टाकला तर नंबर लागायला महिना सहज जातो. व्हॉट्सॲप ग्रुपची तर वाट लागलीय, कागदाच्या फोटोवर सुप्रभात, त्यावर कोणाचा तरी शहाण्णव कुळीचा वाद, आणि ज्याने प्रश्न विचारला तो बिचारा वर स्क्रोल करतोय.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. यांची सगळी पद्धत जमिनीवर उभी आहे. ज्यांच्या घरात जमीनच नव्हती त्यांना हे लोक शाळेचं जनरल रजिस्टर (दाखल मुलांची नोंदवही) बघा म्हणतात आणि गप्प होतात. माझा एक मित्र आला होता, त्याच्या घरी महार वतन होतं, म्हणजे गावकामाच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हक्क, वतनाची पण कागदपत्रं असतात, पण ती कुठे आणि कशी मागायची हे खोलीतल्या एकालाही नीट सांगता आलं नाही. तो परत आला नाही. गिरणीत गेलेली माणसं पण अशीच सुटतात, मुंबईत चाळीत दोन पिढ्या काढल्या की गावच्या कागदावरून नाव गायब.

सरकारी कचेरीतला वेळ वेगळा धरा, त्यात मंडळाचा दोष नाही. एका ठिकाणी रजिस्टर वाळवीने खाल्लं म्हणाले, नंतर तेच रजिस्टर दुसऱ्याला मिळालं. मंडळाने फक्त अर्ज नीट लिहून दिला, वर्ष आणि नमुना नंबर घालून, तेवढ्याने पण फरक पडतो.

एकंदर पाचात साडेतीन. पेन्सिल घेऊन बसायची तयारी असेल तर चार. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर मंडळात नाव घालायच्या आधी त्यांच्यासमोर मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग चालू करा, आपलं मूळ कुठलं असलं काही विचारू नका, तुमच्या लग्नाला कोण कोण आलं होतं आणि कोण रुसलं होतं तेवढं विचारा. माझ्या आजीने त्या एका प्रश्नावर पाऊण तास नावं आणि गावं सांगितली, ती सगळी फॉर्ममध्ये गेली.