‘मोफत बॉडी चेकअप’मधून झालेली फसवणूक: नागपूरकरांनो, स्लिपवरची उंची तपासा

सकाळी बागेत फिरायला जाणाऱ्या, त्यातही चाळिशी ओलांडलेल्या बायकांसाठी हे मुद्दाम लिहितेय. पुरुषांनीही वाचावं, कारण आमच्या वजन घटवण्याच्या बॅचमध्ये पोट सुटलेले गृहस्थही बरेच होते. बागेच्या गेटजवळ टेबल मांडून ‘मोफत बॉडी चेकअप’ करणाऱ्या काही मंडळींमुळे माझे ३८ हजार रुपये गेले.

अनवाणी धातूच्या पट्ट्यांवर उभं राहायचं, हातात दांडी धरायची, की मशीनमधून छापील स्लिप येते. माझं वय ४६. स्लिपवर ‘शरीराचं वय’ ५८ आलं. मागे रांगेत आमच्याच लेआउटमधल्या बायका उभ्या होत्या आणि टेबलावरच्या मुलीने तो आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

तो तसाच वाचायचा असतो, हे मला नंतर कळलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवात “काहून वं, किती सुटली तू!” ऐकून घेतलेलं असतं. लग्नात लॉनवर फोटो काढताना कुणीतरी हळूच मागच्या रांगेत ढकललेलं असतं. त्यात चारचौघींसमोर हा आकडा. नुकत्याच केलेल्या तपासणीत माझी शुगर, बीपी, थायरॉइड सगळं व्यवस्थित होतं, डॉक्टरांनी काळजीचं काही नाही म्हणून सांगितलं होतं. पण घरी येऊन आरशासमोर उभी राहिले तेव्हा मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं नाही, ५८ आठवलं.

मग मी त्यांच्या धरमपेठेतल्या वजन घटवायच्या सेंटरमध्ये गेले. तिथे भिंतीवर एकाही नटीचा फोटो नव्हता. होते ते आपल्यासारख्याच बायकांचे, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की माणूस स्वतःला जोखताना आपल्यासारख्याच माणसांशी तुलना करतो. नटी बारीक असली तर आपण सोडून देतो. शेजारच्या लेआउटमधली वहिनी बारीक झाली, तर मात्र रात्री झोप लागत नाही. या लोकांचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. पैसे भरल्यावरही तेच: व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी काट्याचा फोटो टाकायचा, आणि ज्याचं वजन घटलं नाही त्याला नाव घेऊन विचारायचं. भाजी-पोळी खाल्ल्याचं लपवणाऱ्या चांगल्या शिकलेल्या बायका मी तिथे पाहिल्या. त्याचं फार वाईट वाटतं मला.

आता ती स्लिप. माझं वजन ५७ किलो आणि उंची १५५ सेंटीमीटर आहे. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २३.७. आपल्याकडच्या निकषांप्रमाणे २३ च्या वर वजन थोडं जास्त, आणि २५ पासून लठ्ठपणा. स्लिपवर माझी उंची १४९ छापली होती. त्यामुळे बीएमआय २५.७ झाला आणि मी थेट लठ्ठांत गेले. उंची आणि वय मशीन मोजत नाही, समोरची मुलगी हाताने टाकते. हे माझ्या मुलीच्या लक्षात आलं. मग ग्रुपमधल्या दोघींनी आपापल्या स्लिपा काढल्या, त्यांचीही उंची कमीच होती.

चरबीचा टक्का तरी खरा असेल, असंही समजू नका. ते मशीन अंगातून अगदी बारीक वीजप्रवाह सोडतं. पाण्यातून तो सहज जातो, चरबीतून अडतो. तुम्ही किती पाणी प्यालात, कधी जेवलात, त्यावर आकडा हलतो. गरम पट्टा बांधून जो ‘इंच लॉस’ दाखवतात तो घाम असतो. वर दुसऱ्या वेळी टेप घट्ट ओढतात.

आणि भिंतीवरच्या त्या फोटोंतली एक बाई मला वर्धा रोडवरच्या एका लग्नात भेटली. तिचा ‘आधी’चा फोटो बाळंतपणानंतर दीड महिन्याने काढलेला होता. तो भिंतीवर लागलाय, याचा तिला पत्ताच नव्हता.

पैशांचं नीट समजून घ्या. “ताई, ऑफर आजच्याच दिवस आहे” म्हणत त्यांनी माझ्या मोबाईलवर आलेला ओटीपी घेतला. तो फायनान्स कंपनीच्या कर्जाचा होता. सेंटरला जाणं बंद केलं तरी हप्ते थांबत नाहीत, कारण कर्ज तुमच्या नावावर असतं आणि सेंटरला त्याचे पैसे आधीच मिळालेले असतात.

डब्यातल्या पावडरीने लठ्ठपणा बरा होतो असं छापील पत्रक मिळालं असेल तर ते फेकू नका. लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. स्लिप, पावती, ग्रुपवरचे मेसेज, सगळं जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार घेतात. मी तिथूनच सुरुवात केली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करतेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे फी लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, तेव्हा ज्यांचे पैसे याआधी गेलेत त्यांनी आजच पावतीवरची तारीख पाहावी.