बाणाची पिसे आणि ब्रशचा रेस्ट: अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

2023 च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी बर्लिन येथे धनुर्विद्येच्या कंपाऊंड प्रकारात (यात धनुष्याच्या टोकांना कप्प्या आणि केबल असतात) जागतिक अजिंक्यपद मिळवले, तेव्हापासून माझ्या मुलीने कंपाऊंड धनुष्याचा ध्यास घेतला होता. रिकर्व्हवर (टोके पुढे वळलेल्या, कप्प्या नसलेल्या धनुष्यावर) पाया पक्का झाल्यावर तिला गेल्या वर्षी ते मिळाले आणि त्यावर गोल ब्रशचा रेस्ट, म्हणजे बाण टेकवायचा आधार, बसवलेला होता. धनुष्य ती चालवते, परंतु बाणांची देखभाल माझ्याकडे आहे, म्हणून हा अनुभव तिच्या नेमापेक्षा माझ्या हातातल्या बाणांविषयी अधिक आहे.

या रेस्टमध्ये बाण केसाळ कड्याच्या मधोमध बसतो, त्यामुळे धनुष्य कसेही कलले तरी तो खाली पडत नाही. नवशिक्या हातांसाठी हे मोठे सुख आहे. अडचण अशी की सोडलेला बाण त्याच कड्यातून पुढे जातो आणि मागची तिन्ही पिसे (आमची प्लास्टिकची आहेत, त्यांना व्हेन म्हणतात) प्रत्येक वेळी त्या केसांना घासतात. दोन महिन्यांत पिसांच्या कडांना मेथीच्या पानासारख्या चुण्या पडल्या आणि काहींचे पुढचे टोक शाफ्टपासून (बाणाच्या दांड्यापासून) सुटू लागले. बाण हवेतून जाताना फरफर असा आवाज येऊ लागला. "बाबा, सात नंबर आजपण बाहेरच गेला," असे ती रोज सांगू लागली, तेव्हा मी बारा बाण टेबलावर ओळीने मांडून एकेक पीस भिंगाखाली पाहिले.

त्या पाहणीत एक गोष्ट लक्षात आली आणि पुढचे सगळे तिच्यामुळेच सुटले. झीज तिन्ही पिसांवर सारखी नव्हती. बाराही बाणांवर तेच एक पीस खराब झाले होते. पिसे लक्ष्यात रुतून किंवा दुसऱ्या बाणाचा फटका बसून फाटली असती, तर नुकसान कुठेही, कसेही झाले असते. प्रत्येक बाणाचे तेच पीस झिजते, याचा अर्थ बाण निघतानाच ते एखाद्या ठरावीक जागी आपटत आहे. मुलीला रिकर्व्हच्या सवयीने वेगळ्या रंगाचे पीस बाहेरच्या बाजूला ठेवून बाण चढवायची सवय होती, आणि आमचे नॉकही (बाणाच्या मागच्या टोकाची, धनुष्याच्या दोरीवर बसणारी खाच) त्याच बेताने बसवलेले होते. तसे केले की उरलेल्या दोनपैकी एक पीस तिरके खाली येते, आणि ब्रशच्या तळाशी तर बाणाचे वजन पेलणारे सर्वांत कडक केस असतात.

खात्रीसाठी मी पिसांवर लिपस्टिकचा पातळ थर दिला आणि तिला जवळच्या लक्ष्यावर तीन बाण मारायला सांगितले. केस काळे असल्याने ब्रशवर डाग दिसला नाही, पण त्या एका पिसावरचा रंग बोटाने पुसावा तसा लांबट पट्ट्यात निघून गेला होता. मग प्रत्येक नॉक हळूच फिरवून वेगळ्या रंगाचे पीस सरळ वर आणले. आता खालची दोन पिसे कडक केसांच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. या एका बदलाने झीज निम्म्याहून कमी झाली, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च झाला नाही.

दुसरे कारण मैदानावर सापडले. घाईत ती बाण समोरून, नॉक पुढे करून ब्रशमधून मागे ओढत असे. त्यामुळे पिसांच्या मागच्या कडा उलट्या दुमडत होत्या. कड्याला असलेल्या फटीतून बाण आत घालण्याचा नियम केल्यावर तेही थांबले. पिसे बदलताना मी लांब आणि मऊ पिसांऐवजी दोन इंची ताठ पिसे घेतली, जिगवर (पिसे चिकटवण्याच्या साच्यावर) पीळ न देता किंचित तिरकी चिकटवली आणि पुढच्या टोकावर गोंदाचा एक बारीक थेंब ठेवला. तो थेंब कोणीही विसरू नये, कारण पीस सुटायला सुरुवात तिथूनच होते. नुसत्या चुण्या पडलेली पिसे हेअर ड्रायरच्या कोमट वाऱ्याने बरीच सरळ होतात, मात्र वारा जास्त गरम असेल तर गोंद सैल पडतो.

सात महिन्यांनी, ती 50 मीटरवर मारू लागल्यावर, आम्ही खाली पडणारा रेस्ट घेतला. बाण सुटताच हा आधार खाली जातो, म्हणून पिसांना काहीच लागू नये अशी माझी समजूत होती. पंधरा दिवसांत खालच्या दोन्ही पिसांवर आडवे ओरखडे दिसले, आणि या वेळी लिपस्टिकचा रंग आधाराच्या काट्याच्या आतल्या बाजूला स्पष्ट उमटला. दुकानात रेस्ट बसवताना केबलला जोडलेली त्याची दोरी फार ताणून बांधली गेली होती. त्यामुळे आधार अर्ध्या ओढीतच पूर्ण वर येत होता, आणि जो लवकर वर येतो तो बाण सोडल्यावर उशिरा खाली जातो. दोरी थोडी सैल करून आधार ओढीच्या शेवटच्या इंचाभरात वर येईल असे केले, तेव्हा ओरखडे थांबले. दोरी सरकली तर चटकन कळावे म्हणून केबलवर, दोरी पकडणाऱ्या क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पेनाने खूण केली आहे, आणि सरावाला निघण्यापूर्वी मुलगी ती स्वतः पाहते.

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मी आजही ब्रशचाच रेस्ट सुचवेन, कारण गर्दीच्या मैदानावर बाण रेस्टवरून न घसरणे हे चार पिसे वाचवण्यापेक्षा फार महत्त्वाचे आहे. लांबच्या अंतरासाठी मात्र दुसरा प्रकार घ्यावा, आणि बसवून आणल्याच्या दिवशीच पिसांना रंग लावून तपासावा. आमचा ब्रशचा रेस्ट आता तिच्या धाकट्या भावाच्या धनुष्यावर आहे. त्याच्या सहाही बाणांचे नॉक मी आधीच फिरवून ठेवले आहेत.