सीएफए की सीएफपी : सल्ल्याचे पैसे कोणाला मोजावेत?

एसआयपी म्हणजे काय, डायरेक्ट आणि रेग्युलर प्लॅनमध्ये फरक काय, हे ज्यांना पाठ आहे आणि आता कुणा जाणकाराला रीतसर फी देऊन विचारायचं ज्यांनी मनाशी ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. या टप्प्यावर आलं की समोर अक्षरांची गर्दी होते. सीएफए, सीएफपी, सीए, एमबीए फायनान्स, एफआरएम, शिवाय ‘एनआयएसएम सर्टिफाइड’. माझ्यापुरता प्रश्न शेवटी दोघांवर येऊन थांबला. एकीकडे सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून नोंदणी असलेला सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट), जो वर्गणी घेऊन शेअरवरचे अहवाल पाठवतो. दुसरीकडे सेबीकडेच गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी असलेला सीएफपी (सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर), जो फी घेऊन घरच्या पैशाचा आराखडा करतो. दोघांनाही मी पैसे दिलेत, काही काळ तर एकाच वेळी. आता एकालाच देतो.

आधी सीएफएबद्दल, कारण दबदबा त्याचा जास्त आहे आणि तो उगाच नाही. अमेरिकेतल्या सीएफए इन्स्टिट्यूटची ही सनद 1963पासून दिली जाते. तीन पातळ्यांच्या परीक्षा, त्यावर किमान 36 महिन्यांत मिळून 4000 तासांचा संबंधित कामाचा अनुभव, आणि दर वर्षी आपण आचारसंहिता पाळतो असं लिहून द्यायचं. परीक्षा किती कडक असते? 2021च्या जुलैमध्ये पहिल्या पातळीला बसलेल्यांपैकी 22 टक्केच पास झाले होते. ताळेबंद उलगडून वाचणं, कंपनीचं मूल्य काढणं, रोख्यांचं गणित, डेरिव्हेटिव्ह, यात हा माणूस तयार असतो.

माझ्याकडे येणारे अहवाल खरोखर वाचनीय होते. पहिल्या पानावर भाव आणि टार्गेट, ते कुणीही देतं. मजा पुढच्या पानांत असायची. एका औषध कंपनीचा नफा वाढलेला दिसत होता, पण वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजच्या धंद्यात अडकलेला पैसा, फुगत चाललंय आणि उधारी वसूल व्हायला लागणारे दिवस तिमाहीगणिक वाढताहेत, हे त्याने टेबल मांडून दाखवलं होतं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात खुलासे : विश्लेषकाच्या स्वतःकडे हा शेअर आहे का, गेल्या 12 महिन्यांत कंपनीकडून काही मोबदला मिळालाय का. सेबीच्या 2014च्या रिसर्च अ‍ॅनालिस्ट नियमांमुळे हे द्यावंच लागतं. शिवाय शिफारस देण्याआधी 30 दिवस आणि दिल्यानंतर 5 दिवस त्याला त्या शेअरमध्ये व्यवहार करता येत नाही. टेलिग्रामवर ‘उद्या अप्पर सर्किट’ म्हणणाऱ्यांच्या आणि याच्या मधली रेघ ती हीच.

मग घोडं अडलं कुठे? ‘किती?’ या एका प्रश्नावर.

अहवाल यायचा, वाचून पटायचा, खाली लिहिलेलं असायचं ‘अ‍ॅक्युम्युलेट’, म्हणजे थोडेथोडे घेत जा. ठीक आहे, पण किती? पन्नास हजारांचे घेऊ की पाच लाखांचे? दोन वर्षांनी मुलीच्या अ‍ॅडमिशनला पैसे लागणार आहेत, त्यातले वापरू का? फोन केला की पलीकडून अतिशय नम्र उत्तर : सर, आम्ही वैयक्तिक सल्ला देऊ शकत नाही, आमची नोंदणी रिसर्चची आहे. पहिल्यांदा वाटलं टाळतोय. नियम वाचले तेव्हा कळलं की तो बरोबरच सांगत होता. रिसर्च अ‍ॅनालिस्ट कंपनीबद्दल मत देतो आणि ते सगळ्या वर्गणीदारांना सारखंच असतं. तुमचं कर्ज, तुमचं वय, तुमच्या आईचं आजारपण हे त्याच्या कुंपणाबाहेर. पुढे त्याने मॉडेल पोर्टफोलिओही सुरू केला. त्यात टक्के दिलेले असायचे : हा 6 टक्के, तो 4 टक्के. सहा टक्के, पण कशाचे? शेअरमध्ये घालायच्या रकमेचे. आणि शेअरमध्ये मुळात किती घालायचे, ते पुन्हा माझ्याच गळ्यात.

ही कुरकुर वाचणाऱ्याला बारीकशी वाटेल. माझ्या बाबतीत मात्र तिनेच निकाल लावला. कारण पटलेला शेअर मी भीतभीत थोडासा घ्यायचो, तो वाढला तरी एकूण पैशात फरक पडायचा नाही. आणि घसरला की आणखी घ्यावा की नाही, या विचारात रात्र जायची. अहवाल उत्तम असूनही माझा निर्णय तेवढाच कच्चा राहत होता.

आता सीएफपी. ही पदवी भारतात एफपीएसबी इंडिया ही संस्था देते. अभ्यासक्रमात गुंतवणूक आहेच, पण सोबत विमा, निवृत्ती, कर, वारसा आणि शेवटी सगळ्याचा मिळून एका कुटुंबासाठी आराखडा. कंपनीचा ताळेबंद फोडायला या माणसाला सांगाल तर तो सीएफएच्या जवळपासही पोचणार नाही, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. माझा सल्लागार तर कुठल्याही शेअरचं नाव काढलं की विषयच बदलतो.

पण पहिल्या बैठकीत त्याने बाजाराचा ब सुद्धा काढला नाही. पॉलिसीची फाइल मागितली, पीएफचं पासबुक, गृहकर्जाचं स्टेटमेंट. आमच्या सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म भरलाय का, असं विचारलं. मी म्हटलं, त्याचा गुंतवणुकीशी काय संबंध? त्यावर त्याने शांतपणे सांगितलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023मध्ये हेच स्पष्ट केलंय, तेव्हा मृत्युपत्र करून ठेवा. बायकोने त्याच क्षणी त्याला पास करून टाकलं. मग दोन जुन्या एंडोमेंट पॉलिसी पेड-अप करायला लावल्या, म्हणजे पुढचे हप्ते थांबवले, टर्म कव्हर वाढवलं, आणि एक एक्सेल शीट पुढ्यात ठेवली. त्यात प्रत्येक ओळीत एकेक गरज, तिचं साल, तिची आजची रक्कम, महागाई धरून तेव्हाची रक्कम. मुलीच्या शिक्षणाच्या ओळीसमोर इक्विटी शून्य. निवृत्तीच्या ओळीसमोर भरघोस. ‘किती?’चं उत्तर त्या शीटमध्ये होतं.

इथे एक सांगून ठेवतो : उत्तर मिळालं ते केवळ सीएफपी या अक्षरांमुळे नव्हे. सेबीच्या 2013च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत सल्लागाराला ग्राहकाची जोखीम घ्यायची कुवत तपासावी लागते, त्याला झेपेल तेच सुचवावं लागतं आणि त्याचं हित आपल्या हिताच्या आधी ठेवावं लागतं. पदवी सांगते की हा काय शिकलाय. नोंदणी सांगते की हा कुणाला बांधील आहे. म्हणून व्हिजिटिंग कार्डावर नावापुढची अक्षरं नंतर वाचा, आधी नोंदणी क्रमांक बघा. आयएनए (INA) या अक्षरांनी सुरू होत असेल तर सल्लागार, आयएनएच (INH) असेल तर रिसर्च अ‍ॅनालिस्ट, एआरएन असेल तर म्युच्युअल फंड वितरक. सेबीच्या वेबसाइटवर पहिल्या दोघांची यादी आहे, वितरकांची अ‍ॅम्फीकडे, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेकडे. नाव, क्रमांक आणि पत्ता तिन्ही जुळतात का ते पाहायला पाच मिनिटं पुरतात.

वितरकांबद्दल थोडंसंच. त्यातली अनेक माणसं सज्जन असतात, रात्री नऊला फोन उचलतात, आणि बाजार कोसळला की धीर देतात. पण 2020पासून सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाला स्वतःला ‘वेल्थ अ‍ॅडव्हायझर’ म्हणवता येत नाही, तरी कार्डं अजून तशी दिसतात. आणि ‘आम्ही फी घेत नाही’ हे वाक्य ऐकलं की आपलं सहामाही एकत्रित स्टेटमेंट उघडावं. त्यात वितरकाला तुमच्या गुंतवणुकीवर किती कमिशन गेलं, ते रुपयांत छापलेलं असतं. समजा 30 लाख रेग्युलर, म्हणजे वितरकामार्फतच्या, प्लॅनमध्ये आहेत आणि डायरेक्टच्या तुलनेत खर्चातला फरक 1 टक्का आहे, तर वर्षाला 30 हजार गेले. ते खिशातून जाताना दिसत नाहीत, एवढंच. सीएफपी सल्लागाराला फी ट्रान्स्फर करताना दिसतात, म्हणून दुखतात. पहिल्या वर्षी मलाही दुखलं.

सीएफए अक्षरांची तपासणीही करून घ्या. ‘सीएफए लेव्हल 2’ अशी कुठलीही पदवी नसते. ती दुसऱ्या पातळीपर्यंत दिलेली परीक्षा. सनदधारक आहे की नाही, हे इन्स्टिट्यूटच्या सदस्ययादीत शोधता येतं. पन्नाशीच्या पुढच्या काही जणांच्या नावापुढचं सीएफए हे हैदराबादच्या इक्फाय या संस्थेचं असतं. तो वेगळा अभ्यासक्रम, त्यात कमीपणा काही नाही, पण दोन्ही एक समजू नयेत. सीएंविषयी एवढंच की कराच्या बाबतीत माझा शेवटचा शब्द अजूनही आमच्या सीएंचाच. फंड कुठला, हे मी त्यांना विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत.

सीएफपीच्या बाजूलाही कटकटी आहेत. करार भलामोठा आणि सगळा इंग्रजीत. जोखमीची प्रश्नावली भरताना शाळेत तोंडी परीक्षा देतोय असं वाटतं. सुचवलेले फंड इतके नीरस, की मित्रांमध्ये सांगायला काही राहत नाही : दोन इंडेक्स फंड, एक फ्लेक्सिकॅप, एक शॉर्ट ड्युरेशन. शिवाय असे सल्लागार देशभरात हजाराच्या आतबाहेरच, त्यामुळे पुण्या-मुंबईबाहेर प्रत्यक्ष भेटणारा मिळणं कठीण. व्हिडिओ कॉलवर भागतं, पण आमच्या वडिलांसारख्यांना समोर माणूस लागतो. आणि ‘सेबी नोंदणीकृत’ याचा अर्थ परताव्याची हमी नव्हे, हे त्यांच्या प्रत्येक कागदावर लिहिलेलंच असतं. फीच्या वरच्या मर्यादेचं म्हणाल तर ठरावीक फीच्या पद्धतीत रिसर्चवाला आणि सल्लागार दोघांनाही एका कुटुंबाकडून वर्षाला 1 लाख 51 हजारांपर्यंत घेता येतात, तेव्हा स्वस्त-महागाचा फैसला पदवीवरून होत नाही. बहुतेक जण याच्या बऱ्याच खाली घेतात.

परताव्याची तुलना कुणी विचारेल. सीएफएच्या शिफारशींपैकी जे शेअर मी घेतले, त्यांतले काही माझ्या फंडांपेक्षा चांगले चालले, कदाचित पुढेही चालतील. ज्यांची घरची बाजू लावून झालीय, कर्ज नाही, विमा पुरेसा आहे, आणि शेअरमध्ये ठरावीक रक्कम बाजूला काढून ज्यांना स्वतः अभ्यास करायची हौस आहे, त्यांनी वर्गणी जरूर भरावी. अलीकडे, म्हणजे 2025पासून, सीएफएच्या तिसऱ्या पातळीला प्रायव्हेट वेल्थ असा मार्गही निवडता येतो, त्यामुळे पुढच्या पिढीत ही विभागणी इतकी सरळ राहणार नाही. आयएनए क्रमांक असलेला सीएफए भेटला, तर मी लिहिलंय त्यातलं बरंचसं त्याला लागू होत नाही; तो ‘किती’चं उत्तर देऊ शकतो, द्यायलाच हवं.

पण ज्यांचं शिक्षण, कर्ज, आईवडील आणि निवृत्ती सगळं एकाच पगारातून ओढायचंय, त्यांनी माझ्या मते आधी सीएफपी सल्लागाराकडे जावं. पहिल्या फोनवर दोनच गोष्टी विचारा : तुमचा आयएनए क्रमांक काय, आणि माझ्याकडून फी सोडून इतर कुठून तुम्हाला एक रुपया तरी मिळतो का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ या एका शब्दाहून लांबलं, तर पुढचा नंबर लावा. मी माझी रिसर्चची वर्गणी गेल्या नूतनीकरणाला थांबवली. अहवालांची चुकल्यासारखी आठवण येते, विशेषतः निकालांच्या हंगामात, पण ती वाचनाची आहे.