‘कार्बोरेटर गेलाय’ म्हणत माझा जपानी मिकुनी लांबवला

सांगली-मिरजेत ज्यांच्याकडे यामाहाची जुनी आरएक्स 100 मोटारसायकल आहे, त्यांनी गाडी गॅरेजला लावण्याआधी हे वाचा. या गाड्या 1985 ते 1996 एवढीच वर्षं निघाल्या. सुरुवातीच्या गाड्यांचे सुटे भाग जपानहून यायचे आणि एस्कॉर्ट्स कंपनी ते इथं जोडायची. त्या खेपेतल्या मिकुनी या जपानी कंपनीच्या कार्बोरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) आज लोक टपून बसलेत, आणि त्याची किंमत गाडीवाल्यापेक्षा मिस्त्रीला जास्त पक्की ठाऊक असते. सगळी गोम तिथंच आहे.

माझी गाडी वडिलांची. 2019 च्या महापुरात घरातलं धान्य नंतर, आधी ही गाडी चौघांनी उचलून जिन्यावर नेली होती. यंदा उन्हाळ्यात तिनं नवीन खोड काढली. थंड असताना एका किकमध्ये सुरू, आयडलिंग झकास. पण विश्रामबागेतून निघून मिरजेत पोचेपर्यंत इंजिन तापलं, की अॅक्सिलेटर सोडला तरी रेस खाली येईना. सिग्नलला गाडी आपली भणाणतेय आणि शेजारचा रिक्षावाला माझ्याकडं रागानं बघतोय. प्लग काढला तर टोक पांढरंफटक.

याचा अर्थ इंजिनाला पेट्रोलच्या मानानं हवा जास्त मिळतेय. टू-स्ट्रोकमध्ये हे अंगावर काढायचं नसतं, पिस्टन तापून जाम होतो. कारणं ठरलेली: स्लो जेटमध्ये (कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) कचरा, फ्लोटची लेव्हल (कार्बोरेटरच्या वाटीतली पेट्रोलची पातळी) कमी, नाहीतर कुठून तरी आत शिरणारी फालतू हवा. ती एकतर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरातून शिरते, किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून.

जुन्या गाड्यांसाठी नावाजलेल्या एका गॅरेजला गाडी दाखवली. त्यानं प्लग काढला नाही, रबराला हात लावला नाही. दोनदा रेस केली आणि निकाल दिला, “दादा, कार्बोरेटर गेलाय. स्लाईड झिजली, बॉडी घासली. आता कितीबी ट्युनिंग करा, उपयोग न्हाई.” स्लाईड म्हणजे कार्बोरेटरात वर-खाली होऊन हवा कमी-जास्त करणारा तुकडा. ती झिजणं हा खरा आजार आहे, म्हणूनच ही थाप पचते. पण स्लाईड बोटांनी हलवून बघायला दोन मिनिटं लागतात, ती खुळखुळली तर झिजली. त्यानं तेवढंही केलं नाही. “पुण्याहून ओरिजिनल जपान मागवतो, 6500.” नवा बसवून झाल्यावर जुना मागितला, तर म्हणे भंगारात गेला.

सुरुवातीला गाडी छान पळाली. त्यामागची चलाखी नंतर कळली. मेन जेट मोठा टाकला होता आणि नीडलची, म्हणजे पेट्रोलची वाट अडवणाऱ्या सुईची, क्लिप खालच्या खाचेत बसवून नीडल वर उचलली होती. म्हणजे फालतू हवा शिरतेय ती शिरू दे, वरून पेट्रोल ओतत राहा. चाळीसच्या आसपासचं अॅव्हरेज तिशीच्या खाली आलं, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी जमायला लागली, आणि तापल्यावर रेस अडकणं पुन्हा सुरू. विचारायला गेलो तर उत्तर तयार, “इथेनॉलचं पेट्रोल, दादा.” हल्ली सगळं खापर इथेनॉलवर फोडतात. जुन्या रबरांना ते मानवत नाही हे खरं, पण मग रबर तरी बघशील की नाही?

शेवटी मिरजेतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडं गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी इंजिन चांगलं तापू दिलं, बोटावर ग्रीस घेतलं आणि त्या रबराच्या खालच्या अंगाला फासलं. रेस जागच्या जागी उतरली. क्लॅम्प ढिला करून रबर वाकवून दाखवलं, तेव्हा पोटाशी आडवी चीर दिसली. न वाकवता दिसली नसती. ते रबर काहीशे रुपयांचं.

मग त्यांनी तो ‘ओरिजिनल जपान’ कार्बोरेटर उघडला. मिकुनीच्या जेटवर चौकोनात चौकोन अशी बारीक खूण असते, इथं नुसता तिरपा आकडा. स्लाईडच्या बुडाला कटचा नंबर हवा, तो नाही. बॉडीवरची अक्षरं वापरलेल्या साबणाच्या वडीवरच्यासारखी बुळबुळीत. चाचा एवढंच म्हणाले, “जुना कुठाय?”

जुना एका विक्रीच्या जाहिरातीत सापडला. “आरएक्स 100, ओरिजिनल जपान मिकुनी.” फोटोत फ्लोट बाऊलचा एक स्क्रू पितळेचा दिसत होता, तो वडिलांनी बसवलेला, घरातल्या जुन्या स्टोव्हचा. गॅरेजवाल्याला फोटो दाखवला तर म्हणाला, “असले स्क्रू छप्पन गाड्यांना असत्यात.” त्याच रात्री जाहिरात गायब. मी स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवला होता.

त्यानं पक्कं बिल दिलेलंच नव्हतं. पण यूपीआयची नोंद होती, आणि “जपान मिकुनी आलाय, 6500 पाठवा” हा त्याचाच मेसेज. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर चौकशी केली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रारीचा मसुदा समोर ठेवल्यावर गडी नरमला, 4000 परत केले. कार्बोरेटरचं मात्र “आठवत न्हाई”. त्यामुळे तक्रार मागे घेतलेली नाही.

तुमचा कार्बोरेटर अजून गाडीवर असेल तर आजच त्याचे फोटो काढा: बॉडीवरची अक्षरं, बाऊलचे स्क्रू, एखादा ओरखडा. आणि बदलायची भाषा कुणी काढली, तर जुना भाग पिशवीत घालून परत मिळणार हे पैसे देण्याआधी मेसेजवर लिहून घ्या. खरं काम करणारा मिस्त्री याला नाही म्हणत नाही.

सध्या तोच नकली कार्बोरेटर गाडीवर आहे. चाचांनी नवं रबर घातलं, खुणेचे खरे जेट बसवले, हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू दीड फेरा उघडा ठेवला. अॅक्सिलेटर सोडला की रेस लगेच खाली येते आणि प्लगचं टोक कॉफीच्या रंगाचं निघतं. नकलीवर गाडी इतकी सरळ चालत असेल, तर त्या जुन्याला काय धाड भरली होती?