मराठी पवित्र शास्त्राचं (बायबलचं) मोफत ॲप: वाचायला छान, ‘मुंडण’ शोधायला अपुरं

प्राचीन इब्री (यहुदी) धर्मात डोकं भादरण्याचा अर्थ काय, हे वचनांतूनच तपासायचं तर हे ॲप हाताशी असावं. इंटरनेटशिवाय चालतं, अक्षर मोठं होतं, दोन भाषांतरं शेजारी उघडतात. घोळ आहे तो शोधात.

‘मुंडण’ टाकलं की सगळी वचनं एकाच यादीत पडतात आणि वाचणारा फसतो, कारण कृती एक असली तरी अर्थ उलटसुलट आहेत. मेलेल्यासाठी टक्कल पाडायला बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (14:1) मनाई आहे. शुद्धीसाठी आणि नवस फेडताना मात्र मुंडण सक्तीचं. शोकाच्या टकलाला इब्रीत बहुधा ‘कोरखा’ म्हणतात, नाजिराच्या, म्हणजे केस न कापण्याचा नवस करून देवाला वाहून घेतलेल्याच्या, मुंडणाला ‘गिल्लाख’. मूळ शब्द दाखवायची सोय ॲपमध्ये नाही, ही मोठी उणीव.

म्हणून यादी सोडा आणि ‘गणना’ या पुस्तकाचा अध्याय 6 सलग वाचा. नाजिराजवळ कोणी अचानक मेलं, तर विटाळ होतो, म्हणून त्याने सातव्या दिवशी डोकं भादरायचं, आठव्या दिवशी दोन होले किंवा कबुतराची दोन पिल्लं आणायची, शिवाय दोषार्पणाला (दोषाबद्दलच्या बळीला) वर्षाचं कोकरू. नवसाचे आधीचे दिवस बाद, मोजणी पहिल्यापासून. नवस पुरा झाला तर दर्शनमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) दाराशी मुंडण, आणि ते केस शांत्यर्पण नावाच्या बळीखालच्या विस्तवात. वस्तरा तोच, पण पहिल्या वेळी विटाळ निघतो, दुसऱ्या वेळी राखलेले केसच देवाला जातात. किती सुंदर फरक आहे हा!

‘लेवीय’ या पुस्तकाच्या अध्याय 14 मधला बरा झालेला कुष्ठरोगी दोनदा भादरतो: आधी अंगभर, मग सातव्या दिवशी पुन्हा, दाढी-भुवयांसकट. वस्तरा वापरला नाही किंवा दोन केस राहिले, तर मुंडण झालंच नाही, असं मिश्ना (यहुदी नियमांचा जुना संग्रह) सांगते. ती इथे मिळणार नाही, वेगळी शोधावी लागेल. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांमध्ये नवसाने मुलाचे केस राखायची चाल होती, त्या वाचकांना नाजिराचा भाग लगेच ओळखीचा वाटेल.

शोधताना ‘मुंडण’ आणि ‘मुंडन’ दोन्ही टाका. ‘वस्तरा’ लिहिलं तर ‘वस्तऱ्याने’ सापडत नाही. नुसतं ‘वस्त’ टाका, ‘वस्त्र’ही येईल, ते गाळा. ‘टक्कल’ आणि ‘टकल’ वेगळे शोधा. ‘यहेज्केल’ पुस्तकाचा अध्याय 5 मात्र थेट उघडा: तिथे तलवारच वस्तरा होते आणि केस तराजूत तोलून तीन वाटे केले जातात.